लाल झाकण, निळं झाकण

समुद्राचं पाणी खारट असतं, ही गोष्ट आमच्या साडूंनी जितकी मनाला लावून घेतली आहे तितकी या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणीही घेतलेली नसेल. आपण सगळे ते शाळेच्या पुस्तकात वाचतो, पुढे एखाद्या सहलीत नाकातोंडात पाणी गेलं की खात्री करून घेतो आणि विषय संपवतो. साडूंचा विषय तिथे सुरू झाला तो अजून चालू आहे. ते पुरातत्त्वाचे प्राध्यापक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक समुद्रकाठच्या खाजणांत मीठ कसं पिकवायचे, भरतीचं पाणी कुठून आत घ्यायचे, कुठे अडवायचे आणि नको झालेलं कुठून बाहेर काढायचे, एवढंच ते आयुष्यभर शोधत आले आहेत. आम्ही राहतो अमेरिकेतल्या कॅरी नावाच्या गावात. इथे ज्या मराठी घराचं दार वाजवाल त्या घरात एक माणूस सॉफ्टवेअरमध्ये आणि एक औषध कंपनीत सापडतो. अशा गावात “तुमचे साडू काय करतात?” या प्रश्नाचं खरं उत्तर देण्यासारखी मजा नाही. समोरचा आधी हसतो, मग मी हसत नाही हे बघून थांबतो आणि आवाज खाली आणून विचारतो, “ते झालं हो. पण जॉब काय करतात?”

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. थोरल्या ताईंनी मुलगा पाहिला तेव्हा तो अमेरिकेत शिकतोय एवढंच घरच्यांना कळलं होतं. काय शिकतोय ते लग्नानंतर कळलं. ताई म्हणतात, “मला वाटलं होतं, युरोप बघायला मिळेल. मिळाला. पण गुडघ्यापर्यंतच.” दर उन्हाळ्यात साडू इटलीच्या किनाऱ्यावरच्या एका खाजणात जाऊन उभे राहतात. खाजण म्हणजे समुद्राचं पाणी आत शिरून पसरतं ती उथळ, चिखलाची जमीन. तिथे डास आहेत, बगळे आहेत आणि आमचे साडू आहेत.

पाण्याचा उतार दिसला की त्यांचं भान सुटतं. आम्ही घर बघत होतो तेव्हाची गोष्ट. बायको किचन बघत होती, मी शाळेचं रेटिंग बघत होतो, एजंटबाई आम्हा दोघांना बघत होती. साडू कुठे गेले म्हणून मी बाहेर आलो, तर हे ड्राइव्हवेवर उकिडवे बसलेले. हातातली पिण्याच्या पाण्याची बाटली त्यांनी सिमेंटवर उपडी केली होती आणि वाहत्या ओघळाकडे ते, लहान मूल रांगायला लागल्यावर बापाने बघावं, तसे बघत होते. “घ्या घर,” ते म्हणाले. “तुमचं पाणी शेजाऱ्याकडे जातंय.” आम्ही घेतलं. पुढे एका वादळात शेजाऱ्याच्या गराजमध्ये खरंच पाणी शिरलं. साडू त्याला धीर द्यायला गेले आणि रोमन लोकांनी अशा वेळी काय केलं असतं ते दुपारभर सांगून आले. तो भला अमेरिकन माणूस तेव्हापासून मला लांबूनच हात करतो. आमच्या वसाहतीत पावसाचं पाणी साठवायला एक तळं केलंय. बाकीचे लोक त्याच्याभोवती कुत्री फिरवतात. साडू पाहुण्यांना फिरवतात.

त्यांची दुसरी ख्याती कचऱ्याची. ते नेहमी म्हणतात, “माणसं काय बोलतात ते इतिहासवाले बघतात. काय टाकून देतात ते आम्ही बघतो. माणूस बोलताना फार सांभाळून घेतो, साडूभाऊ. टाकताना नाही.” हे तत्त्व त्यांनी खाजणापुरतं ठेवलं असतं तर ताईंना चार आमंत्रणं जास्त मिळाली असती. पण पार्टी संपत आली की हे पेपर प्लेट टाकण्याच्या निमित्ताने कचऱ्याच्या पिशवीपाशी जातात आणि तिथे रेंगाळतात. एकदा एका घरी यजमानीणबाईंच्या बटाटेवड्यांचं सगळे तोंड भरून कौतुक करत होते. साडू पिशवीपाशी पोचले आणि अत्यंत आपुलकीने म्हणाले, “वहिनी, वडे लोकांनी अर्धे टाकलेत. जिलबी मात्र एकही नाही.” जिलबी दुकानातली होती.

आणि तिसरी गोष्ट जिभेची. पुरातत्त्वाच्या माणसाला चिखलातून काही पांढरं सापडलं की ते हाड आहे की दगड हे बघायला तो ते जिभेला लावतो. हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. साडू ही कसोटी सगळ्याच वस्तूंना लावायचे. आमच्या एका मित्राने दिवाणखान्यात मांडायला भारी पुरातन मूर्ती आणली होती. तो तिचा इतिहास सांगत असताना साडूंनी ती उचलली, मागून हळूच चाटली आणि जागेवर ठेवत म्हणाले, “प्लास्टर.” माझी मुलगी तेव्हा लहान होती. ती किंचाळली, “शी! काका, दॅट्स सो ग्रोस!” साडू शांतपणे म्हणाले, “ग्रोस नाही बाळा. जिप्सम.”

अशा माणसाची चव जावी, हा दैवाचा विनोद म्हणायचा की आणखी काही, मला कळत नाही. कोविड झाला, ताप उतरला, खोकला गेला, पण चव आणि वास गेले ते परत आलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. साडू रोज सकाळी मिठाचा खडा जिभेवर ठेवून वाट बघायचे. ताई समोर चहा घेऊन बसायच्या. “आलं काही?” त्या विचारायच्या. “टोचतंय,” ते म्हणायचे.

पण पानात आधी मीठ वाढण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही. आपल्याकडे पानात वर मधोमध मीठ आधी पडतं आणि मग बाकीचे पदार्थ येतात. इथल्या कप्प्यांच्या पेपर प्लेटमध्ये मिठाला कप्पाच नसतो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या कुठल्याही पॉटलकला ते खिशातून डबी काढून प्रत्येकाच्या प्लेटच्या कडेला चिमूटभर मीठ ठेवत जातात. हातावर देत नाहीत. “हातावर मीठ दिलं की भांडण होतं,” हे रोमन साम्राज्यावर अधिकाराने बोलणारा माणूस पूर्ण गांभीर्याने सांगतो.

आता मुख्य गोष्ट. त्यांच्या खाजणात, जुन्या मिठागराच्या बांधात, मातीचे उंच, निमुळत्या बुडाचे रांजण ओळीने पुरलेले सापडले होते. माना तोडलेले, एकाला एक लागून. तेल आणि दारू वाहून आणायचे रोमन रांजण ते. रिकामे झाल्यावर ते बांधात का पुरले? साडूंबरोबर खणणाऱ्या इटालियन बाईंचं उत्तर साधं होतं. जमीन दलदलीची, बांध खचू नये म्हणून भर घातली, झालं. साडूंचं म्हणणं वेगळं. समुद्राचं पाणी आटत आलं की आधी मीठ खाली बसतं आणि वर जे पाणी उरतं ते कडू असतं. ते काढून टाकलं नाही तर त्याचा कडवटपणा मिठात उतरतो. हे रांजण म्हणजे त्या कडू पाण्याला झिरपून जायला केलेली वाट होती, असं साडूंना वाटे. पण वाट म्हटली की तिला तोंड हवं. ओळीच्या टोकाला कुठेतरी चर असला पाहिजे. उत्खननाचा शेवटचा हंगाम उरला होता, नंतर सगळं बुजवून टाकायचं होतं, आणि एकच खड्डा घेण्याइतकी सवड होती. साडूंच्या टोकाला घ्यायचा की बाईंना हवा होता तिथे, एवढाच प्रश्न होता. सगळं आयुष्य त्या एका खड्ड्याशी येऊन थांबलं होतं.

म्हणून साडूंनी प्रयोग केला. इथून काही तासांवर समुद्र आहे. तिथे एका ओळखीच्याच्या दलदलीच्या जमिनीत त्यांनी दोन छोटी मिठागरं केली. एकाच्या बांधात मातीच्या उभट कुंड्या पुरल्या, दुसऱ्याच्या नाही. कुंड्यांसाठी त्यांनी इथलं रोपांचं दुकान रिकामं केलं. दुकानातल्या मुलीने कौतुकाने विचारलं, “काय लावणार आहात एवढ्यांत?” हे म्हणाले, “काही नाही. मी त्यांची बुडं फोडणार आहे.”

उन्हाळाभर ते मीठ पिकलं. प्रयोगशाळेने दोन्ही मिठांत फरक आहे म्हणून सांगितलं. पण साडूंचं समाधान होईना. “रोमन माणूस मीठ घेऊन प्रयोगशाळेत जात नव्हता हो, जेवायला बसत होता. जिभेला फरक कळत नसेल तर एवढे रांजण पुरायचा खटाटोप कोण करील?” आता जीभ हवी होती, आणि त्यांची स्वतःची तर गेलेली. विद्यार्थ्यांना दिलं तर ते “इंटरेस्टिंग” म्हणाले, ज्याचा अर्थ काहीही होतो. तेव्हा साडूंना आठवलो आम्ही. पानात मीठ आधी वाढणारे लोक.

दिवाळीला त्यांनी फराळाऐवजी घरोघर दोन बरण्या दिल्या. एकीचं झाकण लाल, दुसरीचं निळं. कुंड्यांचं मीठ कुठल्या बरणीत ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “रोजच्या जेवणात वापरा. महिन्याने विचारीन, काय फरक वाटतो.”

महिन्याने त्यांनी विचारलं. आणि कॅरीतल्या समस्त मराठी माणसांनी एकमुखाने सांगितलं, “दोन्ही अप्रतिम.”

मला इथे जरा थांबून आपल्या माणसांविषयी बोलू द्या. पुण्यातून आलेलं एक निवृत्त जोडपं आमच्यात आहे. त्यांतले काका पुण्यात असते तर त्यांनी साडूंना जिन्यातच उभं करून सांगितलं असतं, “हे निळं घेऊन जा आणि परत आणू नका.” पण इतकी वर्षं “हाऊ नाइस”, “सो थॉटफुल” ऐकून आणि बोलून तेही बिघडले. साडूंचा हात हातात घेऊन ते म्हणाले, “वा प्रोफेसर. दोन्ही मिठांना एक वेगळीच गोडी आहे.” नागपूरच्या वहिनींनी तर फोनवर सांगितलं, “भाऊजी, आता दुसरं मीठ घरात आणतच नाही आम्ही.” आमच्या घरातून काय सांगितलं गेलं ते मी सांगत बसत नाही. माणुसकी म्हणून काही असतं.

साडूंनी हे सगळं खरं मानलं. चव गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या जिभेवर विश्वास ठेवण्यावाचून करता काय येतं? तळ्याकडे पाहुणे नेणं थांबलं. आणि वसंतात एका रविवारी दुपारी ते ताईंना घेऊन आमच्याकडे आले, सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, “बाईंना उद्या फोन करतोय. खड्डा तुमच्या जागी घ्या म्हणून सांगतो. जिभेला जे कळत नाही त्यासाठी कुणी रांजण पुरत नाही. माझंच चुकलं.” जेवायला काय आहे असं विचारावं, अशा आवाजात ते बोलले. ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी बायकोला लिंबाचं सरबत करायला सांगितलं. अशा वेळी आमच्या घरात सरबत होतं.

साडू तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. तिने कपाटातून दुकानाच्या मिठाचा डबा काढला.

“आमचं संपलं वाटतं?” साडूंनी विचारलं.

“कधीच संपलं, भाऊजी. इतकं छान होतं, राहतंय कुठे?”

ओट्यावर लाल झाकणाची रिकामी बरणी धुऊन उपडी ठेवलेली होती. आणि तिच्या मागे, कपडे धुण्याच्या खोलीच्या उघड्या दारातून, प्लास्टिकच्या टबाशेजारी, गळ्यापर्यंत भरलेली निळी बरणी दिसत होती. मी दारात उभा होतो. मला ती दिसली, साडूंना दिसली आणि आम्हाला दिसली हे बायकोला दिसलं.

“कुठलं संपलं?” साडू म्हणाले.

“लाल.”

“आणि निळं?”

“ते पायांना फार छान आहे, भाऊजी. गरम पाण्यात टाकून बसलं की इतका आराम पडतो.”

“पायांना का? जेवणात का नाही?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाकडे पाहिलं.

“सांग ना गं,” ताई मागून म्हणाल्या. “आमच्या घरातलं निळं मी गुलाबाच्या मुळाशी टाकलं. गुलाब मेला.”

तेव्हा बायकोने सांगून टाकलं. “पहिल्याच दिवशी मी ते वरणात घातलं. ह्यांनी वरण तसंच ठेवलं. भाऊजी, लग्न झाल्यापासून ह्यांनी एवढी एकच वाटी ठेवलीय. औषधासारखं कडू होतं ते.”

माझ्या मनात आलं, आता साडू रागावणार. रागावायला हवंच होतं. पण ते निळ्या बरणीपाशी गेले, ती उचलून उजेडात धरली, मग रिकामी लाल बरणी तिच्या शेजारी ठेवली. हलक्या आवाजात म्हणाले, “मी विचारत बसलो. सगळ्यांना विचारत बसलो. मी कधीपासून विचारायला लागलो?” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “साडूभाऊ, गाडी काढा.”

ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. मी ड्राइव्ह करत होतो, साडू पुढे, ताई आणि बायको मागे, आणि सरबत तसंच ओट्यावर. प्रत्येक दारात साडू एकच वाक्य बोलायचे, “मत नको, बरण्या द्या.” नागपूरच्या वहिनींची लाल बरणी चाटून-पुसून रिकामी. निळी गराजमध्ये, फावड्याशेजारी, जरा खाली गेलेली. “जानेवारीत ड्राइव्हवेवर बर्फ धरला होता ना, तेव्हा टाकलं जी,” त्या म्हणाल्या आणि पदर नसताना पदर सावरला. पुण्याच्या काकांकडे निळी बरणी सापडेचना. काकू बराच वेळ इकडेतिकडे बघून म्हणाल्या, “आम्ही ती सोनचाफ्याच्या कुंडीवर येणाऱ्या मुंग्यांना…” काका म्हणाले, “खोटं कशाला बोलतेस आता? आपण ती समोरच्यांना ख्रिसमसला दिली.” समोरच्यांकडे गेलो. तिथे दोन निळ्या बरण्या निघाल्या. त्यांची स्वतःची आणि काकांची, दोन्ही रिबिनीसकट, आणखी कुणाला तरी द्यायला ठेवलेल्या.

संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर बरण्यांच्या दोन रांगा लागल्या. लाल सगळ्या रिकाम्या, निळ्या जवळजवळ सगळ्या भरलेल्या. साडू खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. इतक्या माणसांनी आपलं मीठ थुंकलं, पायांना लावलं, रस्त्यावर टाकलं, दुसऱ्यांच्या गळ्यात मारलं, हे डोळ्यांनी पाहून एवढा सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. “कडू आहे,” ते स्वतःशीच म्हणत होते. “कुंड्यांशिवायचं चांगलंच कडू आहे.” मग त्यांनी इटलीला फोन केला. तिकडे किती वाजलेत याचा विचार त्यांनी केला नाही. बाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण साडू म्हणाले, “हो, हो, टोकालाच. नाही, कुणाचं मत नाही. पुरावा आहे.”

त्या उन्हाळ्यात खड्डा टोकाला घेतला. रांजणांच्या ओळीच्या शेवटी खरंच एक चर निघाला, मिठागरापासून दूर जाणारा. बाईंचं म्हणणं असं की तो पावसाच्या पाण्याचाही असू शकतो. साडू म्हणतात, म्हणू दे. त्यांचं अजून भांडण चालू आहे. हातावर मीठ न देता झालेलं हे त्यांचं पहिलंच भांडण, आणि दोघंही त्यात फार आनंदात आहेत.

साडूंची चव अजून आलेली नाही. येईल असं आता कुणी म्हणतही नाही. परवा आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. त्यांनी रिवाजाप्रमाणे आमच्या पानांत वर मधोमध मीठ वाढलं, लाल झाकणाचं. ताईंनी आमटी केली होती. मला वाटायचं, आमटी भुरकून झाली की साडू दर वेळी मिठाचं कौतुक करतात ते सवयीने. ताईही म्हणायच्या, “ह्यांना काय कळतंय? मी मागे एकदा मीठ घालायचंच विसरले, तरी छान म्हणाले.” पण परवा मी त्यांच्या समोरच बसलो होतो. त्यांनी आमटीचा एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि थांबले. मग त्यांची नजर हळूच माझ्या वाटीकडे गेली. माझी रिकामी होती. बायकोच्या वाटीकडे गेली. तीही रिकामी, वर ती डाव शोधत होती. साडूंनी पुन्हा वाटी उचलली आणि ताईंकडे बघून म्हणाले, “मीठ आज अगदी बरोबर पडलंय.”